डिरेक्टरी सर्व्हरचे लॉग: कधी फिरवायचे, कधी उडवायचे आणि १८० दिवस कसे टिकवायचे

डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे सगळ्या युजरची नावं-पासवर्ड ठेवून लॉगिन तपासणारा सर्व्हर, टाकला की अ‍ॅक्सेस लॉग पहिल्या दिवसापासून चालू असतो, तो आपोआप रोटेट होतो (जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू होते), जुन्या फाइल आपोआप डिलीट पण होतात, त्यामुळे बहुतेक जण त्या सेटिंगकडे कधी वळून बघतच नाहीत. आणि मग एक दिवस सिक्युरिटीवाले येतात, म्हणतात मागच्या मंगळवारी सकाळी या युजरने कुठून लॉगिन केलं ते दाखवा, तेव्हा फोल्डर उघडल्यावर कळतं की मंगळवार सोडा, कालची दुपार पण शिल्लक नाहीये. डिस्क अर्धी रिकामी आणि लॉग गायब. ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यातल्या बऱ्याच ऑफिसांत हे असंच आहे, कारण सगळीकडे डिफॉल्ट आकडे जसेच्या तसे ठेवलेले असतात.

मी इथे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर धरून लिहितोय. रेड हॅट डिरेक्टरी सर्व्हर हा त्याचाच भाऊ, आणि फ्रीआयपीएच्या पोटात पण हाच बसलेला असतो, त्यामुळे तिन्हीकडे हे चालेल. ओपनएलडॅपची गोष्ट वेगळी, तिथे लॉग सहसा सिसलॉगमधून (लिनक्सच्या सामाईक लॉग सेवेतून) जातात आणि लॉगरोटेट नावाचं टूल वापरायचं असतं, ते इथे लावू नका. कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती रोमनमध्ये टाकायची आणि मधल्या रेघा आहेत तशाच ठेवायच्या.

सगळ्यात आधी, कुठले लॉग असतात. अ‍ॅक्सेस लॉग, एरर लॉग, ऑडिट लॉग आणि ऑडिट फेल लॉग. सगळे व्हार-लॉग खालच्या डिरसर्व्ह फोल्डरमध्ये, प्रत्येक इन्स्टन्सचं (मशीनवर चालणाऱ्या एकेका डिरेक्टरी सर्व्हरचं) स्लॅपडी ने सुरू होणारं वेगळं फोल्डर असतं त्यात. अ‍ॅक्सेस आणि एरर डिफॉल्ट चालू, ऑडिटचे दोन्ही डिफॉल्ट बंद. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये प्रत्येक कनेक्शन, प्रत्येक बाइंड (नाव-पासवर्ड देऊन ओळख पटवणं), प्रत्येक सर्च आणि त्याचा रिझल्ट येतो, म्हणजे एका माणसाने एकदा लॉगिन केलं तरी पाच-सात ओळी सहज पडतात. कोणी पासवर्ड चुकीचा टाकला की रिझल्टच्या ओळीत एरर ४९ दिसतो, आणि सर्चच्या रिझल्टपुढे नोट्समध्ये यू किंवा ए आलं तर समजायचं की इंडेक्स नसलेला सर्च मारलाय कोणीतरी. ऑडिट लॉगमध्ये कोणी काय बदललं ते येतं. एरर लॉग एरवी शांत असतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो कारण यात लोकांचा डेटाबेस गेलाय. व्हार-लिब खालच्या डीबी फोल्डरमध्ये, बर्कली डीबी वापरणाऱ्या सर्व्हरवर, लॉग डॉट आणि पुढे शून्यांची लांबलचक रांग अशा नावाच्या फाइल असतात. त्या आपल्या वाचायच्या लॉग नाहीत, ते डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन लॉग आहेत, सर्व्हर अचानक बंद पडला तर त्यांच्यावरून तो सावरतो. नावात लॉग आहे म्हणून जागा करायला त्या उडवायच्या नाहीत. कधीच नाही. तसंच रेप्लिकेशनचा, म्हणजे एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर (रेप्लिकावर) आपोआप उतरवण्याचा, चेंजलॉग हा पण वेगळा विषय, त्याचं ट्रिमिंग वेगळं असतं, या लेखातल्या कुठल्याच सेटिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

आता सेटिंगच्या नावांचा पॅटर्न एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागणार नाही. सुरुवातीला एनएसस्लॅपडी, मग रेघ, मग लॉगचं नाव म्हणजे अ‍ॅक्सेसलॉग किंवा एररलॉग किंवा ऑडिटलॉग, मग परत रेघ आणि शेवटी सेटिंग. म्हणजे अ‍ॅक्सेस लॉगच्या एका फाइलचा साइझ बघायचा तर:

डीएसकॉन्फ इन्स्टन्सचं-नाव कॉन्फिग गेट एनएसस्लॅपडी-अ‍ॅक्सेसलॉग-मॅक्सलॉगसाइझ

आणि बदलायचा तर गेटच्या जागी रिप्लेस लिहायचं, शेवटी बरोबरचं चिन्ह आणि नवा आकडा. खाली मी प्रत्येक वेळी पूर्ण नाव न लिहिता फक्त शेवटचं शेपूट लिहिणार आहे. हे सगळं सीएन-कॉन्फिग, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंगच्या नोंदीखाली साठतं, बदल लगेच लागू होतात, सर्व्हर रीस्टार्ट करायला लागत नाही. पण सीएन-कॉन्फिग रेप्लिकेट होत नाही. म्हणजे ठाण्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर बदललंत आणि महापेच्या डेटा सेंटरमधला रेप्लिका तसाच राहिला असं होणारच, प्रत्येक इन्स्टन्सवर जाऊन वेगळं करावं लागतं. लॉग पण प्रत्येकाचे स्वतःचे, ज्या सर्व्हरवर युजर लॉगिन झाला त्याच सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्याची ओळ.

रोटेशन दोन गोष्टींनी होतं, साइझने किंवा वेळेने, जे आधी येईल त्याने. मॅक्सलॉगसाइझ डिफॉल्ट १०० एमबी. लॉगरोटेशनटाइम आणि लॉगरोटेशनटाइमयुनिट मिळून वेळ ठरते, अ‍ॅक्सेस लॉगला डिफॉल्ट १ दिवस, एरर लॉगला १ आठवडा. युनिटमध्ये महिना, आठवडा, दिवस, तास, मिनिट काहीही चालतं. रोटेट झाली की चालू फाइलला तारखेचं शेपूट लागतं, म्हणजे अ‍ॅक्सेस डॉट २०२५०७१४-०९३५१२ असं काहीतरी, आणि अ‍ॅक्सेस नावाची नवी रिकामी फाइल सुरू होते.

डिलीट मात्र चार गोष्टींनी होतं आणि खरी गंमत, म्हणजे खरा घोळ, इथेच आहे. मॅक्सलॉग्सपरडिर, म्हणजे फोल्डरमध्ये जास्तीत जास्त किती फाइल, अ‍ॅक्सेस लॉगला डिफॉल्ट १०. लॉगमॅक्सडिस्कस्पेस, म्हणजे त्या लॉगच्या सगळ्या फाइल मिळून जास्तीत जास्त किती जागा, अ‍ॅक्सेसला डिफॉल्ट ५०० एमबी. लॉगमिनफ्रीडिस्कस्पेस, म्हणजे डिस्कवर किमान इतकी जागा मोकळी राहिलीच पाहिजे, त्याखाली गेली की जुन्या फाइल उडवायला सुरुवात. आणि लॉगएक्स्पायरेशनटाइम सोबत त्याचं युनिट, म्हणजे इतक्या दिवसांपेक्षा, आठवड्यांपेक्षा किंवा महिन्यांपेक्षा जुनी फाइल नको. चारांपैकी जी मर्यादा आधी लागेल ती जिंकते आणि सगळ्यात जुनी फाइल जाते. या चार सेटिंगा एकमेकींना विचारत नाहीत.

म्हणजे बघा, कंप्लायन्सवाल्यांनी सांगितलं १८० दिवस लॉग ठेवा, आणि आपण जाऊन एक्स्पायरेशन १८० दिवस टाकलं आणि तिकीट बंद केलं. याने १८० दिवस लॉग राहतात का? नाही राहत. एक्स्पायरेशनचा अर्थ एवढाच की १८० दिवसांनंतर ठेवू नको. त्याआधी ५०० एमबी भरले तर फाइल जाणारच. एक्स्पायरेशन ही कमाल मुदत आहे, किमान नाही, आणि सर्व्हरमध्ये किमान मुदतीची सेटिंगच नाहीये, ती तुम्हाला बाकीच्या आकड्यांच्या हिशोबातूनच मिळवावी लागते.

हिशोब करून बघू. समजा दिवसाला अ‍ॅक्सेस लॉगच्या ८०० एमबी ओळी पडतात. १०० एमबीच्या फाइल म्हटल्या तर दिवसाला ८ फाइल. फाइलची मर्यादा १०, म्हणजे साधारण सवा दिवस, असं वाटतं. पण एकूण जागेची मर्यादा ५०० एमबी आहे, म्हणजे ५ फाइल झाल्या की सहावीला पहिली जाते. ८०० एमबी २४ तासात, तर ५०० एमबी सरासरी १५ तासात. आज सकाळी साडेनऊला काही झालं तर मध्यरात्रीनंतर त्याचा पुरावा शिल्लक नाही. डिस्कवर दोनशे जीबी मोकळे असले तरी नाही. हे डिफॉल्ट आकडे लहान टेस्ट सर्व्हरला ठीक आहेत, हजार-दोन हजार माणसांच्या ऑफिसला अजिबात नाहीत.

त्यामुळे पहिलं काम मोजायचं. कामाच्या दिवशी मोजा, गणपतीच्या सुट्टीत मोजलेला आकडा काही कामाचा नाही. आमच्या इकडे लोड कसा असतो ते सांगतो म्हणजे तुमच्याकडचा अंदाज येईल. ठाणे-वाशी लोकल सकाळी ऐरोली, रबाळे, घणसोलीला माणसं उतरवत जाते आणि नऊ ते दहाच्या मधे सगळे एकदम लॅपटॉप उघडतात. वायफायची चौकशी डिरेक्टरीला, मेलची डिरेक्टरीला, व्हीपीएनची डिरेक्टरीला, प्रिंटरची पण डिरेक्टरीला. त्या एका तासात दोन-तीन फाइल रोटेट होतात आणि मग दुपारी जरा संथ. संध्याकाळी परत चढतं कारण अमेरिकेच्या क्लायंटची शिफ्ट सुरू होते. पगाराच्या आठवड्यात एचआर पोर्टलमुळे वेगळंच. म्हणून किमान एक पूर्ण आठवडा मोजा आणि सगळ्यात जड दिवसाचा आकडा घ्या, सरासरी नको.

पण मोजणार कसं, जर फाइल १५ तासात उडत असतील तर? रोटेट झालेल्या फाइलच्या नावात वेळ असतेच, दोन लागोपाठच्या नावांतला फरक बघितला की १०० एमबी भरायला किती वेळ लागला ते कळतं. सकाळच्या दोन नावांत अर्ध्या तासाचा फरक आणि रात्रीच्या दोन नावांत सहा तासांचा, असं चित्र दिसेल. अजून सोपं म्हणजे डिस्कवर जागा असेल तर आठवडाभरासाठी लॉगमॅक्सडिस्कस्पेस आणि मॅक्सलॉग्सपरडिर दोन्ही मोठे करून ठेवायचे आणि आठवड्याने तारखेप्रमाणे बेरीज मारायची.

मोजताना एक गोष्ट दिसली तर तिथेच थांबा आणि ती आधी सोडवा: एखादं अ‍ॅप्लिकेशन सेकंदाला शेकडो वेळा तोच सर्च मारतंय का. लॉगकॉन्व्ह नावाची स्क्रिप्ट सर्व्हरबरोबरच येते, तिला अ‍ॅक्सेस लॉगच्या फाइल दिल्या की कुठल्या आयपीवरून किती कनेक्शन, किती बाइंड फेल, किती सर्च बिनइंडेक्सचे, सगळा गोषवारा काढून देते. अर्धा लॉग एकाच मॉनिटरिंग टूलने भरवलेला असतो असं फार वेळा निघतं, दर पाच सेकंदांनी येऊन सर्व्हर जिवंत आहे का विचारणारं. ते मिनिटावर आणलं की डिस्कचा प्रश्न निम्मा सुटतो आणि सर्व्हर पण मोकळा श्वास घेतो.

मोजून झालं की किती दिवस ठेवायचे ते ठरवा, आणि ते आपल्या मनाने नाही. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात कंपन्या, डेटा सेंटर, सर्व्हिस प्रोव्हायडर, सरकारी संस्था सगळ्यांना आपल्या आयटी सिस्टिमचे लॉग मागचे १८० दिवस सुरक्षित ठेवायला सांगितलंय. मागचे १८० दिवस, म्हणजे रोज पुढे सरकणारी मुदत. त्याच निर्देशांत सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळतं ठेवायचंही आहे, आणि ते लॉगच्याच भल्याचं आहे, दोन रेप्लिकांची घड्याळं दोन मिनिटांनी वेगळी असली की कोणती ओळ आधी आणि कोणती नंतर हे शोधताना डोकं फिरतं. बँक, ब्रोकर, परदेशी क्लायंट यांचे नियम आणखी वेगळे असू शकतात, ते कंप्लायन्सवाल्यांकडून लेखी घ्या, तोंडी सांगितलेल्या आकड्यावर सेटिंग करू नका.

१८० दिवस गुणिले ८०० एमबी म्हणजे १ लाख ४४ हजार एमबी, साधारण १४० जीबी. एका सर्व्हरचे. हे सगळं डिरेक्टरी सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवायचं का? माझं स्पष्ट मत, नाही. सर्व्हरवर दोन-तीन आठवडे ठेवा, रोजच्या ट्रबलशूटिंगला तेवढे पुरतात, आणि बाकीचे रोजच्या रोज वेगळ्या लॉग सर्व्हरवर पाठवा. सर्व्हरच बसला किंवा कोणी आत घुसून लॉग पुसले तर त्याच डिस्कवरचे १८० दिवस काय कामाचे.

आणि त्या दोन-तीन आठवड्यांसाठी सुद्धा वेगळं पार्टिशन द्या. याचं कारण ती मिनफ्री वाली सेटिंग. ती पूर्ण पार्टिशनची मोकळी जागा बघते, जागा कोणी खाल्ली ते बघत नाही. लॉग जर सरसकट व्हारमध्येच असतील आणि तिथे दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसने मोठा कोअर डंप (कोसळताना लिहिलेली मेमरीची फाइल) टाकला किंवा यम या पॅकेज टाकणाऱ्या टूलच्या कॅशेने जागा भरली, तर डिरेक्टरी सर्व्हर स्वतःचे लॉग उडवून जागा करायला लागतो. शेजाऱ्याने केलेल्या कचऱ्यासाठी आपला पुरावा जातो. वेगळं पार्टिशन असलं की तो आकडा फक्त तुमच्याच लॉगशी बांधलेला राहतो. नवं पार्टिशन त्याच जागी माउंट केलंत तर माउंट झाल्यावर रिस्टोरकॉन चालवून एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणेचं लेबल नीट करा आणि फोल्डरची मालकी डिरसर्व्ह युजरकडे आहे ना बघा, नाहीतर सर्व्हर सुरूच होणार नाही. जागाच बदलून दुसरीकडे नेणार असाल तर आधी सेमॅनेजने नव्या जागेला लेबल द्यावं लागतं, म्हणून त्याच जागी माउंट करणं सोपं.

आता आपल्या ८०० एमबीच्या उदाहरणाचे आकडे बसवू. २५ जीबीचं पार्टिशन घेतलं. अ‍ॅक्सेस लॉगला लॉगमॅक्सडिस्कस्पेस १८००० (एमबी), म्हणजे सरासरीने २२ दिवस, जड आठवडा आला तरी १५ दिवस सुटतात. मॅक्सलॉगसाइझ ५००, कारण १०० एमबीच्या फाइल फार होतात आणि शोधताना वैताग येतो. दिवसाला साधारण २ फाइल, २२ दिवसाच्या ४४, जड दिवसाच्या ३ धरून मॅक्सलॉग्सपरडिर ६० ठेवायचं. हा आकडा मुद्दाम सैल ठेवायचा, म्हणजे फाइलची संख्या आधी लागणार नाही आणि जागेचीच मर्यादा खरी राहील. मिनफ्री १०००. एक्स्पायरेशन ४ आठवडे, म्हणजे सुट्ट्यांमुळे लॉग कमी पडले तरी सर्व्हरवर महिन्याभरापेक्षा जुनं काही पडून राहणार नाही. ऑडिटला २००० एमबी, एररला १०००. बेरीज २१ हजार, म्हणजे २५ जीबीत चार जीबीच्या वर मोकळे राहतात.

टाकायचा क्रम महत्त्वाचा. आधी लॉगमॅक्सडिस्कस्पेस वाढवा, मग मॅक्सलॉगसाइझ. एका फाइलचा साइझ एकूण जागेपेक्षा मोठा असेल तर सर्व्हर तो आकडा घेत नाही, एरर देतो. आकडे कमी करायचे असतील तर उलट क्रम. आणि कमी करण्याआधी जुन्या फाइलची कॉपी दुसरीकडे काढा. डिलीट करायचं काम सर्व्हर नवी फाइल उघडताना करतो, त्यामुळे सेटिंग बदलल्याक्षणी काही गायब झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पुढच्या रोटेशनला एकदम जातील, आणि गेलेल्या फाइल कुठल्या रीसायकल बिनमध्ये सापडणार नाहीत.

मॅक्सलॉग्सपरडिर १ कधी ठेवायचं नाही. १ असेल तर सर्व्हर रोटेटच करत नाही आणि फाइल वाढत राहते. एरर लॉगचा हा आकडा तुमच्या इन्स्टॉलमध्ये फार कमी असू शकतो, तो आजच बघून घ्या, मी एररला १० ठेवतो.

रोटेशन ठरलेल्या वेळी हवं असेल, आणि ते असावंच कारण एका दिवसाच्या ओळी एका तारखेखाली राहतात, तर लॉगरोटेशनसिंक-एनेबल्ड ऑन करा आणि लॉगरोटेशनसिंकअवर, लॉगरोटेशनसिंकमिन मध्ये तास-मिनिटं द्या. सगळे मध्यरात्री ठेवतात. ऐरोली-महापेच्या नाइट शिफ्टवाल्या ऑफिसात मध्यरात्र म्हणजे भर दुपार असते, तिथे पहाटे ४ बरं पडतं, तास ४ आणि मिनिट ०. पण त्याआधी सर्व्हरचा टाइमझोन बघा. क्लाउडवरच्या इमेज बहुतेक यूटीसीवर असतात आणि यूटीसीचे पहाटेचे ४ म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, बरोबर गर्दीच्या वेळी एका दिवसाचे दोन तुकडे. अ‍ॅक्सेस लॉगच्या ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंसात वेळ असते, तिच्या शेवटी अधिक ०५३० दिसलं की भारतीय वेळ चालू आहे, अधिक ०००० दिसलं की यूटीसी. आणि रोटेशनची वेळ झाली की नाही हे सर्व्हर लॉगमध्ये काही लिहायला गेला की तपासतो, त्यामुळे शांत सर्व्हरवर ४ वाजून ७ मिनिटांनी रोटेट झालं तर घाबरू नका, तेव्हा पहिली ओळ आली एवढाच अर्थ.

लॉगरोटेट इथे लावायचं नाही. लिनक्सवर बाकी सगळीकडे ते वापरतो म्हणून हात तिकडेच जातो, पण डिरेक्टरी सर्व्हरने फाइल उघडून धरलेली असते, बाहेरून तिचं नाव बदललं तरी तो त्याच जुन्या फाइलमध्ये लिहीत राहतो. आरएम मारून चालू फाइल उडवली तर अजून वाईट, फाइल दिसेनाशी होते पण जागा सुटत नाही, डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड तेवढंच भरलेलं दाखवते, उघड्या फाइल दाखवणारी एलएसओएफ मारल्यावर डिलीटेड लिहिलेली फाइल सर्व्हरच्या हातात दिसते, आणि सर्व्हर ती फाइल बंद करेपर्यंत जागा सुटत नाही. आत्ताच्या आत्ता जागा हवी असेल तर चालू फाइलला हात लावू नका, रोटेट झालेल्या सगळ्यात जुन्या फाइल आधी दुसरीकडे कॉपी करा आणि मग काढा.

त्याच फोल्डरमध्ये रोटेशनइन्फो नावाच्या फाइल असतात, प्रत्येक लॉगची एक. त्यात सर्व्हर आपल्या जुन्या फाइलची यादी ठेवतो, कोणती कधी बनली, साइझ किती. तिला हात लावू नका आणि रोटेट झालेल्या फाइलची नावं पण बदलू नका. मी एका ठिकाणी बघितलं, कोणीतरी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून जुन्या फाइल जीझिप करून (दाबून) ठेवत होतं, हेतू चांगलाच होता. पण सर्व्हर आपल्या यादीतलं मूळ नाव शोधतो, ते सापडत नाही म्हणून एरर लॉगमध्ये तक्रार लिहितो, आणि जीझेड वाल्या फाइल यादीत नाहीत म्हणून त्या कुठल्याच मर्यादेत मोजल्या जात नाहीत. सगळं सेटिंग बरोबर असताना पार्टिशन भरत होतं. दाबूनच ठेवायचं असेल तर नवीन व्हर्जनमध्ये कॉम्प्रेस नावाची सेटिंग आहे, ती ऑन केली की सर्व्हर स्वतःच रोटेट झालेली फाइल दाबतो आणि हिशोब पण ठेवतो. लॉग म्हणजे त्याच त्याच शब्दांचा मजकूर, चांगलाच दबला जातो. तुमच्या व्हर्जनमध्ये ती नसेल तर दाबायचं काम लॉग सर्व्हरवर गेल्यानंतर करा.

एरर लॉगची लेव्हल हा जागेचा वेगळा शत्रू. नेहमीची लेव्हल १६३८४. रेप्लिकेशन अडकलं की सपोर्टवाले ८१९२ लावायला सांगतात, आणि मग रेप्लिकेशन सुटतं, कॉल बंद होतो, लेव्हल तशीच राहते. अशा वेळी एरर लॉग अ‍ॅक्सेस लॉगपेक्षा जास्त वेगाने पळतो आणि ज्या दिवशी खरा एरर येईल त्या दिवशी तो डीबगच्या ओळींखाली दबून रोटेट होऊन गेलेला असतो. डीबग लावताना त्याच क्षणी ते बंद करायचं रिमाइंडर लावा.

अ‍ॅक्सेस लॉग लिहिताना सर्व्हर बफरिंग करतो, डिफॉल्ट ऑन. टेल कमांड लावून फाइल बघत बसलं की ओळी झुबक्याने येतात, लगेच दिसत नाहीत, त्याला सेटिंग बिघडलं समजू नका. टेस्टिंगपुरतं लॉगबफरिंग ऑफ केलं तर चालतं, पण प्रॉडक्शनवर परत ऑन करा, प्रत्येक ओळीला डिस्कवर जायचं म्हणजे सकाळच्या गर्दीत सर्व्हर मंदावतो.

ऑडिट लॉग चालू करा असंच मी सांगेन. साइझने लहान असतो, आणि ग्रुपमधून कोणी कोणाला काढलं हा प्रश्न आला की दुसरीकडे कुठेच इतकं स्वच्छ उत्तर नसतं. लॉगिंग-एनेबल्ड ऑन करण्याआधी त्याचे पण साइझ, संख्या, जागा सगळे आकडे टाकून घ्या, मग चालू करा. त्यात बदललेल्या व्हॅल्यू जशाच्या तशा असतात, मोबाइल नंबर, पत्ते, सगळं. मोड डिफॉल्ट ६०० असतो, म्हणजे फक्त सर्व्हरचा युजर वाचू शकतो, तो तसाच ठेवा. टीममधल्या कोणाला वाचायला हवं म्हणून ६४४ करू नका, लॉग सर्व्हरवर त्याला परमिशन द्या. व्हेंडरने लॉग मागितले तर हव्या त्या वेळेच्या ओळी काढून द्या, पूर्ण फाइल मेलवर टाकू नका.

याच्या जोडीला डिस्क मॉनिटरिंग पण बघून ठेवा, एनएसस्लॅपडी-डिस्क-मॉनिटरिंग, डिफॉल्ट ऑफ असतं. ऑन केलं आणि जागा ठरलेल्या थ्रेशोल्डच्या खाली गेली की सर्व्हर आधी जास्तीचं लॉगिंग बंद करतो, मग बाकीचे लॉग थांबवतो, रोटेट झालेल्या फाइल काढतो, आणि तरी जागा झाली नाही तर मुदत देऊन स्वतः नीट बंद होतो, म्हणजे डेटाबेस अर्धवट लिहिताना मरत नाही. थ्रेशोल्ड डिफॉल्ट साधारण २ एमबी आहे, इतका छोटा की कळेपर्यंत वेळ गेलेली असते. तो १ जीबीच्या आसपास न्या, आकडा बाइटमध्ये द्यायचा असतो हे लक्षात ठेवा. पण हे शेवटचं कुंपण आहे. त्याच्या खूप आधी, पार्टिशन ८५ टक्के भरलं की तुमच्या मॉनिटरिंगचा अलर्ट आला पाहिजे.

सगळं लावून झालं की खात्री करायची. प्रॉडक्शनवर नाही, टेस्ट इन्स्टन्सवर. रोटेशनचं युनिट मिनिट करा, टाइम ५, मॅक्सलॉग्सपरडिर ३, आणि साध्या एलडॅपसर्चचा लूप लावून द्या. पाच-पाच मिनिटांनी फोल्डरची यादी बघा. तारखेच्या शेपटीच्या फाइल वाढताना दिसतील आणि मग सगळ्यात जुनी गळताना दिसेल. मग तेच जागेच्या मर्यादेने करून बघा. एकदा डोळ्यांनी बघितलं की कुठली मर्यादा आधी लागते याबद्दल शंका राहत नाही. प्रॉडक्शनवर दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच बघा की ४ वाजताची फाइल बनली आहे, आणि आठवड्याने बघा की सगळ्यात जुनी फाइल अजून जागेवर आहे.

राहिलं लॉग सर्व्हरवर पाठवणं. आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या टूलने करत असाल तर फक्त तारखेचं शेपूट असलेल्या फाइल उचला, चालू अ‍ॅक्सेस फाइल आणि रोटेशनइन्फो वगळा. वेळ पहाटे ५ ठेवा, ४ च्या रोटेशननंतर. आरसिंकला डिलीटचा ऑप्शन अजिबात देऊ नका, नाहीतर डिरेक्टरी सर्व्हरवरून जी फाइल २२ दिवसांनी जाते ती लॉग सर्व्हरवरून पण त्याच दिवशी जाईल. दोन रेप्लिकांच्या फाइल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, होस्टच्या नावाने, कारण फाइलची नावं दोन्हीकडे जवळपास सारखीच निघतात आणि एकमेकांवर चढतात. लॉग सर्व्हरवर १८० दिवसांनंतर लगेच पुसू नका, चौकशी महिन्याच्या शेवटी सुरू झाली तर थोडं जास्त असलेलं बरं, २०० दिवस ठेवा. आणि रोज सकाळी एक छोटा चेक लावा जो कालच्या तारखेची किमान एक फाइल प्रत्येक होस्टच्या फोल्डरमध्ये आली का बघेल आणि नसली तर टीमच्या मेलवर ओरडेल. हा चेक लावलेला असेल तर आरसिंक बंद पडल्यावर तुमच्याकडे डिरेक्टरी सर्व्हरवरच्या फाइल जायच्या आत किमान दोन आठवडे हातात असतात.